प्रश्न तुमचे : सॉफ्टवेअरच्या कामाचा अंदाज आणि मुदत

सॉफ्टवेअर प्रकल्प, त्यांच्या मुदती आणि अजाइल पद्धत (काम लहान तुकड्यांत करून ते वरचेवर ग्राहकाला दाखवत जाण्याची रीत) यांविषयी आलेल्या पत्रांना या वेळी एकत्र उत्तरे देत आहे. पत्रे निरनिराळ्या गावांहून आली असली, तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच तक्रार आहे : अंदाज विचारला जातो काम करणाऱ्याला आणि आकडा ठरवतो दुसराच कुणीतरी. पत्रांतील नावे गाळली असून मजकूर थोडक्यात दिला आहे.

प्रश्न : माझ्या टीमने एका कामाला दहा आठवडे लागतील असे सांगितले. मॅनेजरने क्लायंटला पाठवताना त्याचे सात आठवडे केले. आम्ही दोन आठवड्यांचे स्प्रिंट (ठरावीक मुदतीचे कामाचे टप्पे) घेतो, रोज सकाळी उभ्याने बैठक घेतो. तरीही काम अकराव्या आठवड्यात संपले आणि ठपका आमच्या अंदाजावर आला. पुढच्या वेळी आधीच अंदाज वाढवून द्यावा का? (टीम लीड, हिंजवडी)

उत्तर : वाढवून देऊ नये. हा सल्ला आपल्याला अव्यवहारी वाटेल, म्हणून त्यामागचे कारण सविस्तर सांगतो. आपण दहाच्या जागी चौदा आठवडे सांगू लागलात, की दोन-तीन प्रकल्पांतच मॅनेजरच्या ते लक्षात येते आणि ते चौदाचे नऊ करू लागतात. मग आपण अठरा सांगता. या घासाघिशीत खरे दहा आठवडे कुठल्या कुठे जातात आणि काम केवढे आहे हे समजण्याचा जो एकच मार्ग कंपनीकडे होता, तो दोन्ही बाजूंनी मिळून बुजवलेला असतो.

दुसरी गोष्ट अशी, की आपले दहा आठवडे प्रामाणिक असले तरी ते कमी पडण्याचीच शक्यता अधिक होती, आणि तसे ते पडलेही. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच हे मांडले होते, की माणूस स्वतःच्या कामाचा आराखडा डोळ्यांसमोर आणून वेळ मोजू लागला, की त्या आराखड्यात न दिसणाऱ्या अडचणी त्याच्या हिशेबात येतच नाहीत. कानेमन यांनी आपल्याच एका गटाची हकिकत सांगितली आहे. इस्राएलमधील शाळांसाठी अभ्यासक्रम तयार करणाऱ्या या गटात प्रत्येकाने कामाला लागणारा वेळ कागदावर लिहिला. सगळे आकडे दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान होते. मग गटातील अभ्यासक्रमतज्ज्ञाला विचारण्यात आले, की यापूर्वीच्या अशाच गटांना किती वेळ लागला होता. त्यांना आठवले, की सुमारे चाळीस टक्के गटांनी काम अर्धवट सोडले होते आणि बाकीच्यांना सात ते दहा वर्षे लागली होती. ही माहिती ज्यांच्याजवळ होती, त्या तज्ज्ञांनीही काही मिनिटांपूर्वी इतरांसारखाच आकडा लिहिला होता. प्रत्यक्षात ते काम आठ वर्षांनी संपले.

म्हणून आपण पुढचा अंदाज करण्यापूर्वी गेल्या दोन वर्षांतली साधारण याच आकाराची सात-आठ कामे काढावीत आणि प्रत्येकापुढे सुरुवातीला सांगितलेला वेळ आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ लिहावा. हा तक्ता बहुतेक कंपन्यांत तासाभरात तयार होऊ शकतो. तो कुणी करत नाही, इतकेच. दहा आठवडे सांगितलेली कामे आपल्याकडे नऊ ते चौदा आठवड्यांत पूर्ण झालेली दिसली, तर नव्या कामासाठी तोच पल्ला लेखी द्यावा. एकच आकडा दिला की कुणालाही तो खाली ओढता येतो. सात जुन्या कामांच्या नोंदी ज्याच्या पाठीशी आहेत, तो पल्ला खाली ओढायचा तर त्या नोंदी खोट्या ठरवाव्या लागतात. काम जितके प्राथमिक अवस्थेत, तितका पल्ला मोठा, हेही मॅनेजरना सांगावे. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचे अभ्यासक बॅरी बोएम यांनी १९८१ मध्ये दाखवले होते, की कल्पना नुकतीच सुचली आहे अशा टप्प्यावरचा अंदाज प्रत्यक्षाच्या चौपट किंवा पाव इतका चुकू शकतो आणि गरजा व रचना स्पष्ट होत जातात तसतसा तो आकुंचन पावतो.

आता सात आठवड्यांविषयी. क्लायंट हातचा जाऊ नये म्हणून कमी किमतीत किंवा कमी मुदतीत काम घेण्याचा निर्णय कंपनी घेऊ शकते. तो धंद्याचा निर्णय आहे आणि त्याचा तोटाही जाणूनबुजून कंपनीनेच सोसायचा असतो. पण त्या निर्णयामुळे काम लहान होत नाही. म्हणून मॅनेजरशी बोलताना "सात आठवड्यांत कसे होईल?" या प्रश्नात अडकू नये. "सात आठवड्यांतच द्यायचे असेल, तर यादीतले काय आधी द्यायचे आणि काय नंतर?" हा प्रश्न आपणच पुढे ठेवावा. घासाघीस करायचीच असेल तर ती यादीवर करावी. यादी कमी करता येते. लागणारा वेळ कुणाच्या सांगण्यावरून कमी होत नाही.

प्रश्न : आम्ही सहा जण मिळून सहकारी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर तयार करतो. संचालक मंडळाला निविदेतच एकरकमी किंमत आणि तारीख हवी असते. काम सुरू झाले की मागण्या वाढत जातात. किंमत मात्र तीच राहते. अशा करारात अजाइल पद्धत चालते का? (कोल्हापूर)

उत्तर : चालते, परंतु किंमत आणि तारीख दोन्ही बांधलेली असताना कामांची यादीही बांधून घेतली, तर मग फक्त गुणवत्ताच ढिली पडू शकते आणि ती पडतेच. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे सतरा जणांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला, तेव्हा त्यात करारावरील वाटाघाटींपेक्षा ग्राहकाशी सहकार्याला अधिक मोल दिले होते. याचा अर्थ करार नको असा काहींनी घेतला, तो चुकीचा आहे. सहकार्याला जागा राहील असा करार लिहिणे हे आपल्यासारख्या लहान कंपनीचे पहिले काम आहे.

आपल्याच क्षेत्रातले उदाहरण घेऊ. निविदेत एक ओळ असते : 'पिग्मी एजंटला मोबाइलवरून रोजची वसुली नोंदवता यावी.' ओळ वाचून कुणीही आठवडाभराचे काम म्हणेल. रक्कम टाकायची, पावतीचा संदेश खातेदाराला पाठवायचा, झाले. आता ही ओळ घेऊन एखाद्या एजंटबरोबर बाजारपेठेत अर्धा दिवस फिरावे. तळघरातल्या दुकानात रेंज नसते, म्हणजे नोंद फोनमध्येच साठवून नंतर पाठवावी लागणार. ती दोनदा गेली तर खात्यावर दोनदा जमा होता कामा नये. शंभराऐवजी हजार पडले तर नोंद रद्द कुणी करायची, एजंटने की शाखेत बसलेल्या कॅशिअरने? संध्याकाळी एजंट रोकड भरतो तेव्हा फोनमधली बेरीज आणि हातातली रक्कम जुळली नाही, तर दिवस बंद कसा करायचा? एजंटचे कमिशन जमा रकमेवर धरायचे, की रद्द नोंदी वजा करून? मुदतीपूर्वी खाते बंद केले तर कापायची रक्कम कुठल्या नियमाने? आठवड्याचे काम महिन्यावर जाते ते या प्रश्नांमुळे, आणि यांतला एकही प्रश्न संचालकांनी 'वाढवलेली मागणी' नाही. तो त्या एका ओळीत पहिल्यापासून होता. आपण तो विचारला नव्हता.

म्हणून सगळ्या कामाची किंमत सांगण्यापूर्वी तीन-चार आठवड्यांचे एक छोटे, स्वतंत्र आणि सशुल्क काम मागावे : एकच शाखा, एकच व्यवहार, पण तो पहिल्या नोंदीपासून दिवस बंद होईपर्यंत पूर्ण चालणारा. संचालक मंडळाला हे पटवणे वाटते तितके अवघड नसते, कारण त्यांनाही आधीच्या एखाद्या सॉफ्टवेअरचे चटके बसलेले असतात. या छोट्या कामानंतर आपण जी किंमत सांगाल तिला आधार असेल. मुख्य करारात एक कलम आवर्जून घालावे, की नवे काम यादीत आले तर साधारण तेवढेच, अजून सुरू न झालेले काम यादीतून बाहेर जाईल, आणि कोणते बाहेर जाईल हे संस्था ठरवेल. हे कलम असले की वादाचे रूपांतर निवडीत होते. त्यासाठी संस्थेने निर्णयाचा अधिकार असलेली एकच व्यक्ती नेमून द्यावी, असेही करारात लिहावे; अकरा संचालकांच्या अकरा याद्या सांभाळणे कुठल्याही पद्धतीला जमणारे नाही.

दर दोन आठवड्यांनी काम दाखवायचे तेही कॅशिअर आणि एजंट यांना दाखवावे. संचालकांनी अवश्य पाहावे, पण चूक सापडते ती रोज त्या पडद्यासमोर बसणाऱ्याला. आणि नवी प्रणाली सुरू करण्याची तारीख मार्चमध्ये कधीही स्वीकारू नये. ३१ मार्चच्या हिशेबबंदीत गुंतलेल्या शाखेला नवे सॉफ्टवेअर शिकायला वेळ नसतो आणि तेव्हा झालेल्या चुका लेखापरीक्षणापर्यंत छळतात.

मोठ्या सरकारी कामातही हे साधते, याचा पुरावा अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेत सापडतो. तपासाची कागदपत्रे संगणकावर आणण्याचा त्यांचा 'व्हर्च्युअल केस फाइल' हा प्रकल्प सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये सोडून द्यावा लागला. त्याच्या जागी २००६ मध्ये 'सेंटिनेल' हे नवे काम कंत्राटदाराला दिले गेले. ऑगस्ट २०१० पर्यंत मंजूर ४५.१ कोटी डॉलरपैकी ४०.५ कोटी संपले होते आणि चारपैकी दोनच टप्पे हाती आले होते. तेव्हा एफबीआयने काम स्वतःच्या देखरेखीखाली घेतले, उरलेल्या गरजांच्या लहान लहान स्टोरी (स्वतंत्रपणे पूर्ण करता येतील अशी छोटी कामे) पाडल्या आणि दोन आठवड्यांचे स्प्रिंट सुरू केले. त्यांचाही अंदाज चुकला : सप्टेंबर २०११ मध्ये संपवायचे ठरलेले काम, ऑक्टोबरमधल्या मोठ्या चाचणीत प्रणाली बंद पडल्यामुळे आणि सर्व्हरची क्षमता वाढवावी लागल्यामुळे, जुलै २०१२ मध्ये सर्वांसाठी सुरू झाले. पण चुकले ते चालत्या सॉफ्टवेअरवर चाचणी घेताना उघड झाले आणि दुरुस्त करण्याजोगे होते. अजाइलकडून अपेक्षा ठेवावी ती एवढीच, आणि ती लहान नाही.

प्रश्न : आमच्या कंपनीत एक स्टोरी पॉइंट म्हणजे आठ तास असा नियम आहे आणि दोन टीमच्या पॉइंटांची तुलना करून वार्षिक मूल्यमापन होते. हे योग्य आहे का? (ठाणे)

उत्तर : नाही. पॉइंट ही एका टीमपुरती, एका कामाशी दुसरे काम ताडून पाहण्याची मोजणी आहे. तिचे तास केले की तिचा उपयोग संपतो, आणि तिच्यावर पगारवाढ अवलंबून ठेवली की काल तीन पॉइंटांचे असलेले काम आज पाचांचे होते. यात कुणाची लबाडी असावीच लागत नाही. स्क्रम या अजाइलच्या प्रचलित प्रकाराच्या अधिकृत मार्गदर्शिकेत स्टोरी पॉइंटचा उल्लेखही नाही, आणि जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी रॉन जेफ्रिज यांनी २०१९ मध्ये लिहिले, की पॉइंटची कल्पना कदाचित आपणच काढली असावी आणि तसे असेल तर आता त्याचा खेद वाटतो.

तारीख सांगायची असेल तर पॉइंटांशिवायही सांगता येते. समजा, गेल्या आठ स्प्रिंटमध्ये आपल्या टीमने अनुक्रमे ५, ७, ४, ६, ६, ३, ७ आणि ६ कामे पूर्ण केली. सरासरी साडेपाच येते. यादीत ४० कामे उरली असतील, तर सरासरी वेगाने ती आठव्या स्प्रिंटमध्ये संपतात. टीम दर स्प्रिंटला चार कामांच्याच वेगाने चालली तर दहा स्प्रिंट लागतात. क्लायंटला 'आठ ते दहा स्प्रिंट' असे सांगावे आणि प्रत्येक स्प्रिंटनंतर नवा पल्ला कळवावा. अट एकच आहे, की कामांचे तुकडे फार लहानमोठे नसावेत. एखादे काम एका स्प्रिंटमध्ये बसत नसेल तर ते आधी फोडून घ्यावे.

प्रश्न : मी न्यू जर्सीत क्लायंटच्या बाजूने काम पाहतो, टीम पुण्यात आहे. बैठकीत विचारलेल्या प्रत्येक तारखेला होकार मिळतो आणि अडचण मात्र शेवटच्या आठवड्यात कळते. स्वतः मराठी असूनही मला त्यांच्याकडून खरे उत्तर काढता येत नाही.

उत्तर : आपला प्रश्न कसा विचारला जातो, ते एकदा पाहावे. आपली सकाळ म्हणजे पुण्यातली संध्याकाळ. दिवसभराचे काम संपवून बसलेल्या टीमला, तिच्या मॅनेजरच्या समोर, क्लायंट विचारतो की पंधरा तारखेपर्यंत होईल ना. त्या खोलीतल्या सर्वांत धाकट्या मुलीला ते होणार नाही हे ठाऊक असते, पण वरिष्ठांनी मान हलवल्यावर तिने काय बोलावे? याला भित्रेपणा म्हणू नये. तारीख आधीच सांगून मग मत विचारले की कुठल्याही देशातला माणूस त्या तारखेच्या जवळचेच उत्तर देतो.

म्हणून तारीख सांगणे बंद करावे आणि कामाचे वर्णन करून अंदाज टीमला आपसात, आपल्या अनुपस्थितीत करू द्यावा. त्यासाठी जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये सुचवलेला प्लॅनिंग पोकर हा प्रकार चांगला आहे : प्रत्येकाने आपला आकडा पत्त्यावर निवडायचा आणि सगळ्यांनी एकाच वेळी पत्ते उघडायचे, म्हणजे वरिष्ठांचा आकडा पाहून कुणाला आपला बदलता येत नाही. यात आकडे जुळणे हा फायदा दुय्यम आहे. एकाने दोन आणि दुसरीने तेरा दाखवले, तर तेरा दाखवणारीला आधी बोलू द्यावे. जुन्या डेटाबेसमधल्या एखाद्या टेबलात तारखा मजकूर म्हणून साठवल्या आहेत, असे काहीतरी तिला माहीत असते आणि बाकीच्यांना नसते.

बैठकीत आपण विचारायचा प्रश्नही बदलावा. "होईल ना?" याऐवजी "हे रखडले तर कशामुळे रखडेल?" असे विचारून थांबावे. पहिल्या-दुसऱ्या वेळी शांतता पसरेल. पहिली वाईट बातमी आपण शांतपणे ऐकून घेतलीत आणि त्याच दिवशी यादीतले एखादे काम पुढे ढकललेत, की दुसरी बातमी लवकर येईल. पहिल्या वेळी आवाज चढला तर मात्र ती पुन्हा शेवटच्याच आठवड्यात कळेल.

प्रश्न : प्रकल्प दोन महिने मागे आहे. कंपनी चार नवे इंजिनिअर देत आहे. घ्यावेत का? (मुंबई)

उत्तर : मुदत तोंडावर असेल तर घेऊ नयेत. आयबीएममध्ये ओएस/३६० या प्रणालीचे काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवले आहे, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर माणसे वाढवली की उशीर वाढतो. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचाच वेळ जातो, आणि सहा जणांत जिथे पंधरा जोड्यांनी एकमेकांशी बोलायचे असते तिथे दहा जणांत पंचेचाळीस जोड्या होतात. पुढच्या वर्षभराचे काम समोर असेल तर चौघांना अवश्य घ्यावे, पण त्यांचे पहिले दोन महिने मुदतीच्या हिशेबात धरू नयेत.

प्रश्न : मी टेस्टर आहे. आमच्याकडे स्प्रिंटच्या शेवटच्या दिवशी दुपारी सगळे काम माझ्याकडे येते. मला पुरते तपासता येत नाही, तरी बोर्डावर काम 'पूर्ण' म्हणून दाखवले जाते. माझे म्हणणे कुणी ऐकत नाही. (नागपूर)

उत्तर : आपल्या टीमचा वेग खोटा मोजला जात आहे, आणि पुढच्या सगळ्या तारखा त्या खोट्या वेगावर बेतल्या जात आहेत, हे टीमला दाखवून देणे आवश्यक आहे. गेल्या तीन स्प्रिंटमध्ये 'पूर्ण' म्हटलेल्या कामांपैकी किती कामे पुढच्या स्प्रिंटमध्ये बग म्हणून परत आली, ते मोजावे आणि स्प्रिंटनंतरच्या आढावा बैठकीत तो आकडा कुणाचेही नाव न घेता मांडावा. त्याच बैठकीत काम पूर्ण झाले असे केव्हा म्हणायचे, हे टीमने चार ओळींत लिहून घ्यावे. तपासणी झालेली असणे ही त्यातली एक ओळ असावी आणि ती न झालेले काम त्या स्प्रिंटच्या मोजणीत शून्य धरावे, अर्धे नव्हे.

मात्र केवळ नियमाने शेवटच्या दिवसाची गर्दी हटणार नाही. सहा डेव्हलपर सहा कामे एकदम सुरू करतात, म्हणून सहाही कामे एकाच दुपारी आपल्यापर्यंत पोहोचतात. एका वेळी तीनपेक्षा जास्त कामे सुरू करायची नाहीत असे ठरले, तर ज्याच्या हाताला काम नाही तो आपल्याला तपासणीत मदत करेल आणि पहिले काम आपल्याकडे तिसऱ्या-चौथ्या दिवशी येईल. डेव्हलपरना सुरुवातीला हे रुचणार नाही. रिकामे बसल्यासारखे वाटते. दोन स्प्रिंटपुरता प्रयोग म्हणून मागावे, म्हणजे नकार देणे अवघड जाते. आणि नियोजनाच्या बैठकीत अंदाज सांगताना आपणही पत्ता उघडावा : कोड लिहायला एक दिवस आणि तपासायला तीन दिवस लागणारे काम हे चार दिवसांचे काम आहे, हे त्या खोलीत बहुधा आपल्यालाच सांगावे लागेल.